ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएसची ताकद



आता खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच शाळांतून संगणकाची खोली असते. कुठे ती सरकारी योजनेतून आली, कुठे लोकवर्गणीतून उभी राहिली, तर कुठे शहरात गेलेल्या माजी विद्यार्थ्याने आपल्या कचेरीतले जुने संगणक गावच्या शाळेला दिले. पाच-सात वर्षे हे संगणक मुकाट्याने काम करतात. मग एखाद्या उत्साही गुरुजींच्या किंवा बाईंच्या मनात येते, की मुलांसाठी धड्यांच्या चित्रफिती तयार कराव्यात, ब्लेंडरसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनावर सूर्यमालेची हलती चित्रे करावीत. जुना संगणक या कामाला अडखळतो. कोणीतरी सांगतो, "गुरुजी, एक ग्राफिक्स कार्ड टाका, धावायला लागेल बघा." हा सल्ला चुकीचा असतो असे नाही. पण त्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो : या नव्या पाहुण्याला जेवू घालण्याची त्या पेटीची ऐपत आहे का?

ही ऐपत कशी तपासायची, एवढेच आज सांगायचे आहे. त्यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही. गुणाकार आणि बेरीज आली म्हणजे झाले.

आपण ज्या उभ्या पेटीला सगळेच 'सीपीयू' म्हणतो, तिच्या मागे जिथे विजेची जाड वायर खोचतो, तिथे आतल्या बाजूला पत्र्याचा एक चौकोनी डबा बसवलेला असतो. त्याचे नाव एसएमपीएस. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज आतल्या नाजूक भागांना जशीच्या तशी चालत नाही. हा डबा ती उतरवून १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट अशी वाटून देतो. खांबावरून ११,००० व्होल्टची वीज येते आणि डीपीवर उतरून आपल्या घरात २३० व्होल्टची होते, तसा हा पेटीतला डीपीच समजा. आणि डीपीचे तर तुम्हाला ठाऊकच आहे. जेवढ्या मोटरांचा हिशेब धरून तो बसवला, त्याहून जास्त मोटरा जोडल्या तर एक दिवस तो जळतो. मग ज्याने जास्तीची मोटर जोडली त्याचेच नव्हे, सगळ्या शिवाराचे पाणी बंद होते. संगणकातही तसेच आहे. एसएमपीएस हलक्या जातीचा असेल आणि ओझ्याखाली जळाला, तर कधीकधी जाता जाता मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन जातो. त्या डिस्कवर मुलांचे गुण असतात, दाखल्यांच्या नोंदी असतात. कार्डाचे पैसे पुन्हा उभे करता येतील, पण त्या नोंदी पुन्हा कोठून आणाल?

आता तपासणीकडे वळू. पहिले काम म्हणजे संगणक बंद करून मागची वायर भिंतीतून काढून टाकणे. नुसते बटण बंद केले म्हणजे पुरे, असे समजू नका. मग पेटीच्या बाजूचे झाकण काढा. एसएमपीएसच्या अंगावर एक कागद चिकटवलेला दिसेल. तो वाचायचा. पण तो पत्र्याचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टची वीज साठते, आणि वायर काढल्यावरही ती काही वेळ तिथेच दबा धरून बसते. मुलांनाही हे बजावून सांगा.

कागदावर मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो : ४५०, ५००, ६००. हे वॅट, म्हणजे एकूण ताकद. दुकानदार हाच आकडा सांगतो आणि आपणही त्यावर खूश होतो. पण खरी गोष्ट खालच्या बारीक अक्षरांच्या तक्त्यात असते. त्या तक्त्यात प्रत्येक व्होल्टपुढे अँपिअरचा आकडा लिहिलेला असतो. आपल्याला हवी असते १२ व्होल्टची ओळ. जुन्या काळचे संगणक ५ आणि ३.३ व्होल्टवर जास्त चालत. सन २००० पासून प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी जोडणी देण्याची पद्धत सुरू झाली. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे खाणारे बहुतेक सारी वीज १२ व्होल्टमधूनच घेतात. म्हणून बाकीच्या ओळींत कितीही मोठे आकडे असले तरी कार्डाच्या ते उपयोगाचे नाहीत.

हिशेब साधा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. दोन एसएमपीएस शेजारी शेजारी ठेवले आहेत असे धरा. दोघांवर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिले आहे. पहिल्याच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर लिहिले आहे. बारा अठरे दोनशे सोळा. म्हणजे कामाची ताकद २१६ वॅट. दुसऱ्याच्या तक्त्यात ३६ अँपिअर लिहिले आहे. बारा छत्तीसे चारशे बत्तीस. म्हणजे ४३२ वॅट. नाव एकच, पण एकाची ताकद दुसऱ्याच्या निम्मी! बाजारात दोन्ही तऱ्हेचे मिळतात, आणि स्वस्तात मिळतो तो बहुधा पहिला.

इथे आणखी एक खोच आहे, ती नीट ऐका. काही कागदांवर १२ व्होल्टच्या दोन ओळी असतात. समजा दोन्हींपुढे १८-१८ अँपिअर आहेत. आपण चटकन बेरीज करतो, ३६ झाले म्हणून. पण खालीच कुठेतरी लिहिलेले असते, की दोन्ही मिळून जास्तीत जास्त ३०० वॅट. म्हणजे खरे अँपिअर २५ च. एका विहिरीवर दोन मोटरा बसवल्या म्हणून विहिरीचे पाणी दुप्पट होत नाही. म्हणून 'दोन्ही मिळून' काय लिहिले आहे ते शोधा आणि तोच आकडा धरा. ज्या एसएमपीएसवर असा तक्ताच नाही, त्यावर कार्डाचे ओझे टाकू नका.

आता खर्चाची बाजू पाहू. कार्ड किती वीज खाते हे त्याच्या कंपनीच्या माहितीपत्रकात वॅटमध्ये दिलेले असते. पण कार्डाचे पूर्ण नाव बघून आकडा घ्यावा, अर्धे नाव ऐकून नव्हे. आरटीएक्स ३०५० या कार्डाचेच घ्या. त्याचा ८ जीबीचा प्रकार १३० वॅटचा आहे, तर ६ जीबीचा प्रकार ७० वॅटचा. एकाच घरातली दोन भावंडे म्हणावीत, पण एकाची भूक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅटचे. आणि हौशी लोकांची मोठी कार्डे ४५० वॅटांच्याही पुढे गेली आहेत. ती आपल्या शाळेच्या वाटेला न आलेलीच बरी.

उदाहरणादाखल एक संगणक घेऊ. कोअर आय-५ च्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर, जो जुन्या कचेरीतल्या संगणकांत पुष्कळ आढळतो. त्यातले अनेक ८४ वॅटचे आहेत. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे मिळून ५० वॅट धरा. झाले १३४. यात ७० वॅटचे कार्ड घातले तर २०४. १७० वॅटचे घातले तर ३०४.

आता मघाच्या दोन एसएमपीएसकडे वळा. पहिल्याची ताकद २१६ आणि लहान कार्डासह खर्च २०४. पुरले की, असे कोणी म्हणेल. पण मंडळी, बैलाला जास्तीत जास्त ओढता येईल तेवढेच ओझे कोणी रोज गाडीत भरत नाही. चढ असतो, चिखल असतो, बैल थकतो. एसएमपीएसही थकतो. त्याच्या आतले कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कमजोर होत जातात. शिवाय कागदावरचा आकडा कोणत्या तापमानाला दिला आहे हेही पाहावे लागते. २५ अंशांना जो पेलतो तो ५० अंशांना तेवढे पेलेलच असे नाही. आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पेटीच्या आत काय होत असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तिसरे कारण आपल्या विहिरीवरचेच आहे. मोटर सुरू करताना दिवे मिणमिणतात, कारण सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. ग्राफिक्स कार्डही काम करता करता असेच क्षणभर हिसके मारते. डोळ्याची पापणी लवण्यापूर्वी ते संपतात, पण कमजोर एसएमपीएस तेवढ्यातच मान टाकतो आणि संगणक धाडकन बंद होतो. हा प्रकार एवढा वाढला, की २०२२ साली एसएमपीएसचे जे नवे नियम आले, त्यांत सोळा पिनांची नवी जोडणी असलेल्या मोठ्या एसएमपीएसने सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता दुप्पट भार सोसला पाहिजे, असे घालून देण्यात आले.

या सगळ्यासाठी एक जुना नियम सांगतो. सोळा आण्यांतले बारा आणेच खर्चावेत, चार आणे गाठीला ठेवावेत. १२ व्होल्टच्या ताकदीच्या तीन-चतुर्थांशावर खर्च जाऊ देऊ नये. २१६ चे तीन-चतुर्थांश १६२. म्हणजे पहिल्या एसएमपीएसवर लहान कार्डही नको. ४३२ चे तीन-चतुर्थांश ३२४. दुसऱ्यावर २०४ अगदी आरामात, आणि ३०४ जेमतेम बसते.

कार्डाची कंपनीही किती वॅटचा एसएमपीएस हवा ते सांगते. आरटीएक्स ३०६० ला ५५० वॅट, आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी प्रकाराला ३०० वॅट. हा आकडा मोठ्या प्रोसेसरचा हिशेब धरून दिलेला असतो, म्हणून थोडा सैल असतो. तरीही आपला एसएमपीएस जुना असेल किंवा त्याच्या कागदावर आपला फारसा भरवसा नसेल, तर आपली बेरीज बाजूला ठेवून कंपनीचे ऐकावे. 'एटी प्लस' असे एक चिन्ह काही डब्यांवर असते. हा उपक्रम २००४ पासून चालू आहे. त्यावरून वीज किती वाया जाते ते कळते. डबा टिकाऊ आहे किंवा त्यात संरक्षण चांगले आहे, याची हमी त्या चिन्हात नाही.

ताकद पुरली तरी जोडणी जुळते का, हे पाहिले पाहिजे. कार्ड मदरबोर्डच्या ज्या खाचेत बसते, तिच्यातून त्याला ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकते. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर द्यावी लागते. सहा पिनांची वायर ७५ वॅटसाठी, आठ पिनांची १५० वॅटसाठी. तुमच्या एसएमपीएसला अशी वायर आहे का, हे कार्ड घेण्याआधीच पाहा. नसेल तर दुकानदार एक जोडवायर देऊ करतो. डिस्कला वीज देणारी साटाची वायर घ्या, तिच्यावर ही लावा, झाले काम, असे म्हणतो. इथे सावध राहा! साटाच्या जोडणीतून १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच घ्यावेत असा नियम आहे. म्हणजे ५४ वॅट. तिच्यावर ७५ वॅटची सहा पिनांची जोडणी लावणे म्हणजे सुतळीने बैल बांधणे होय. प्लास्टिक वितळते, आणि कधी पेटही घेते. वायर नसणे हीच एसएमपीएस तयार करणाऱ्याने दिलेली सूचना समजावी, की बाबा, हा डबा त्या कामासाठी नाही.

आणखी दोन गोष्टी. प्रोसेसरला वीज देणारी वायरही आठ पिनांची असते आणि दिसायला तशीच असते, पण तिच्यातल्या तारांची मांडणी उलटी असते. ती कार्डात जोर लावून बसवू नका. सहज बसत नाही ते जबरदस्तीने बसवायचे नाही. दुसरे, काही एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघतात. एकाची वायर दुसऱ्याला लावू नका, जरी टोक बसले तरी. डब्याकडच्या टोकाची मांडणी प्रत्येक कंपनी आपापल्या मताने करते. आणि जी वायर जिथे बसवायची, ती पार शेवटपर्यंत आत गेली पाहिजे. २०२२ च्या अखेरीस मोठ्या कार्डांच्या सोळा पिनांच्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या. त्यांत जोडणी पुरती आत न बसणे हे एक कारण निघाले, आणि पुढच्या वर्षी त्या जोडणीची घडण बदलावी लागली.

कचेरीतून आलेल्या संगणकांबद्दल खास सांगतो. त्यांचे एसएमपीएस बहुधा २४० ते ३०० वॅटच्या घरातले असतात. काहींच्या मदरबोर्डची जोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसून त्या कंपनीची स्वतःची, सहा किंवा आठ पिनांची असते. त्यामुळे बाजारातून मोठा एसएमपीएस आणला तरी तो बसत नाही. पेटी अरुंद असेल तर कार्डही बुटके घ्यावे लागते. अशा संगणकांसाठी वेगळी वायर न लागणारे, ७५ वॅटच्या आतले कार्ड हाच खरा मार्ग. पण तिथेही मागची बाजू पाहून घ्या. जीटीएक्स १६५० नावाचे कार्ड ७५ वॅटचे, तरी त्याचे काही प्रकार सहा पिनांची वायर मागतात, काही मागत नाहीत. आणि त्या लहान डब्यांच्या बाबतीतही १२ व्होल्टची बेरीज चुकवू नका.

पेटीच्या आतला हिशेब झाला. पण आपल्याकडे हिशेब पेटीपाशी संपत नाही. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून संगणकाला यूपीएस असतो. शाळांत बहुधा ६०० व्हीएचा. हे व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. अशा यूपीएसच्या पाठीवर पाहिलेत तर पुष्कळदा ३६० वॅट लिहिलेले दिसेल. आता एसएमपीएस शंभर वॅट घेतो तेव्हा चांगला असला तर सुमारे ८५ आत देतो, बाकीचे उष्णतेत जातात. म्हणून आत ३०४ वॅट लागत असतील तर बाहेरून सुमारे ३५८ ओढले जातात. पडद्याचे २५ मिळवा. झाले ३८३. वीज आहे तोवर सगळे ठीक. ती गेली आणि त्याच वेळी कार्ड भरात असले, की यूपीएस ओरडतो आणि संगणक तिथल्या तिथे बंद पडतो. ज्या प्रसंगासाठी यूपीएस घेतला, त्याच प्रसंगी तो निकामी! लहान कार्डाचा हिशेब केलात तर हाच आकडा २६५ च्या आसपास येतो आणि यूपीएस निभावून नेतो. आणि तीन टोकांच्या प्लगातले तिसरे टोक, म्हणजे अर्थिंग, शाळेत खरोखर जमिनीपर्यंत पोचले आहे ना, हे वायरमनकडून एकदा पाहून घ्या.

कार्ड बसवल्यावर पहिल्या दिवशी मुलांच्या स्वाधीन करू नका. महत्त्वाच्या फायली आधीच दुसरीकडे उतरवून ठेवा. मग अर्धा तास एखादे जड काम लावून शेजारी बसा. जड काम लागले की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, हे वीज अपुरी पडत असल्याचे नेहमीचे लक्षण. जळका वास, एसएमपीएसमधून किरकिर, वायरीचे टोक हाताला चटका देईल इतके गरम, यातले काही आढळले तर ताबडतोब बंद करा. ज्यांना मीटर धरता येतो त्यांनी १२ व्होल्टची ओळ कामाच्या वेळी पाहावी. ती ११.४ च्या खाली जाता कामा नये आणि १२.६ च्या वर चढता कामा नये.

आणि एक प्रश्न सगळ्यांच्या आधी विचारा. कार्ड खरेच हवे आहे का? मराठी टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, जिओजेब्रावरची भूमिती, चित्रफिती नुसत्या पाहणे, यांना वेगळ्या कार्डाची गरज नाही. संगणक एवढ्यानेही अडत असेल, तर रॅम वाढवणे किंवा फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घालणे स्वस्त पडते आणि एसएमपीएसवर ओझेही येत नाही. चित्रफिती तयार करायच्या असतील, त्रिमिती चित्रे करायची असतील, तर कार्ड जरूर घ्या. पण त्यासाठी उभी केलेली रक्कम सगळीच्या सगळी कार्डावर खर्चू नका. एसएमपीएस बदलावा लागणार असेल तर आधी त्याचे पैसे बाजूला काढा आणि उरल्यात बसेल ते कार्ड घ्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण इथे शब्दशः लागू आहे.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. हा हिशेब तुम्ही एकट्याने करून टाकू नका. आठवी-नववीच्या मुलांना झाकण काढलेल्या, वायर सोडवलेल्या पेटीभोवती बसवा. त्यांनाच कागद वाचू द्या. बारा गुणिले अँपिअर मांडू द्या, खर्चाची बेरीज करू द्या, तीन-चतुर्थांश काढू द्या, आणि घ्यावे की न घ्यावे हे त्यांनाच ठरवू द्या. उद्या यांतलीच कोणी मुलगी घरच्या मोटरीची पाटी वाचील, आणि डीपीवर आणखी एक मोटर जोडायला निघालेल्या काकांना म्हणेल, "थांबा काका, आधी बेरीज करू."

नमस्कार.